कार्बनचं वलय सपाट का बसत नाही

रसायनशास्त्राच्या पुस्तकात सायक्लोहेक्झेन म्हणजे एक षटकोन. फळ्यावर सहा रेघा ओढल्या की रेणू तयार. कोपऱ्यात कार्बन लिहायचा नाही, हायड्रोजन दाखवायचे नाहीत, सगळं गृहीत धरायचं. शेजारी तसाच दुसरा षटकोन काढून आत गोल काढला की बेन्झीन. हे काढून काढून हात इतका सरावतो की दोन्ही रेणू सारखेच सपाट असणार, असं मनात पक्कं बसतं. बेन्झीन खरोखरच सपाट आहे. सायक्लोहेक्झेन नाही. कार्बनचं एखादं वलय टिकतं का, फुटतं का, आणि त्यापासून बनलेला पदार्थ विष ठरतो की निरुपद्रवी, हे बऱ्याच अंशी त्याच्या या आकारावर ठरतं, म्हणून तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवात एकट्या कार्बनपासून करू. कार्बन चार बंध करतो. चारही एकेरी असले तर त्या बंधांमधले इलेक्ट्रॉन एकमेकांपासून होता होईल तितके लांब राहतात. कागदावर चार दिशा दाखवायच्या तर आपण अधिकचं चिन्ह काढतो, म्हणजे ९० अंशांचे कोन. पण कागदाबाहेर, लांबी-रुंदी-उंची अशा तिन्ही मितींत, याहून ऐसपैस जागा आहे. तीन बंध खाली पसरवायचे आणि चौथा सरळ वर न्यायचा, की कुठल्याही दोन बंधांमध्ये १०९.५ अंशांचा कोन मिळतो. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हे मांडलं.

कार्बनची साखळी मोकळी असेल तर हा कोन सांभाळणं अवघड नाही, ती नागमोडी पसरते. पण तिची दोन टोकं एकमेकांना जोडली की वलय तयार होतं, आणि आता प्रत्येक कार्बनला शेजाऱ्यांचं बघून वागावं लागतं. टोकं जुळवताना दोन हायड्रोजन कमी होतात. त्यामुळे या साध्या वलयांमध्ये हायड्रोजन कार्बनच्या बरोबर दुप्पट असतात: सायक्लोप्रोपेनमध्ये ३ कार्बन आणि ६ हायड्रोजन, सायक्लोब्युटेनमध्ये ४ आणि ८, सायक्लोपेंटेनमध्ये ५ आणि १०, सायक्लोहेक्झेनमध्ये ६ आणि १२.

१८८५ मध्ये अडॉल्फ फॉन बायर यांनी या वलयांचा हिशोब मांडला. बायर म्हणजे प्रयोगशाळेत नीळ तयार करणारे, पुढे १९०५ मध्ये नोबेल मिळवणारे दिग्गज. त्यांच्याच म्युनिकच्या प्रयोगशाळेत धाकटे विल्यम पर्किन तीन आणि चार कार्बनची वलयं बनवायला बसले होते. इतकं लहान वलय टिकणारच नाही, असं तेव्हाच्या मोठमोठ्या मंडळींना वाटत होतं, पण पर्किननी ती बनवून दाखवली. मग ती तग कशी धरतात आणि इतक्या सहज का फुटतात, हे सांगणं भाग होतं. बायर यांचं उत्तर भूमितीचं होतं. त्रिकोणाचा कोन ६० अंश, चौकोनाचा ९०, पंचकोनाचा १०८, षटकोनाचा १२०. कार्बनला हवा १०९.५. जितका फरक जास्त तितका ताण जास्त. म्हणजे तीनचं वलय सगळ्यात ताणलेलं, पाचचं जवळजवळ निवांत, आणि सहापासून पुढे पुन्हा ताण चढत जाणार.

तर्क देखणा आहे, आणि लहान वलयांना लागूही पडतो. त्यात एकच गोष्ट न तपासता धरली होती, की वलय सपाट असतं.

तीन कार्बनच्या वलयाला मात्र सपाट राहण्यावाचून गत्यंतर नाही. तीन बिंदू कुठेही ठेवा, ते एका प्रतलात येतातच. ऑगस्ट फ्रॉइंड यांनी १८८१ मध्ये बनवलेला सायक्लोप्रोपेन असा अडकलेला रेणू आहे. कार्बनचे अणू ६० अंशांच्या कोनात बसलेत, पण त्यांच्या इलेक्ट्रॉन ढगांना इतकं जवळ येणं जमत नाही. ते साधारण १०४ अंशांपर्यंत दबतात आणि तिथेच थांबतात. परिणाम असा, की दोन कार्बनमधला इलेक्ट्रॉन ढग त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर नसतो, त्रिकोणाच्या बाहेरच्या बाजूला फुगलेला असतो. बंधच वाकलेला. कागदावर आपण काढतो त्या सरळ बाजूवर अणू आहेत, पण त्यांना धरून ठेवणारा ढग तिथे नाही.

यातून एक विचित्र वाटणारी गोष्ट निघते. या वलयात दोन कार्बनमधलं अंतर १५१ पिकोमीटर आहे (मीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोमीटर). साध्या साखळीत तेच अंतर १५४. बंध आखूड म्हणजे मजबूत, हा आपला नेहमीचा आडाखा. इथे तो फसतो. अणू जवळ आहेत, पण ढग एकमेकांत पुरते मिसळलेले नाहीत, म्हणून बंध कमजोर आहे. निकेल उत्प्रेरक आणि १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान दिलं की हायड्रोजन सायक्लोप्रोपेनचं वलय फोडतो आणि साधा प्रोपेन मिळतो. साखळीतला कार्बन-कार्बन बंध अशा साध्या प्रयत्नाने तुटत नाही.

सायक्लोप्रोपेन वायूने माणसाला झटकन आणि त्रास न होता भूल चढते. १९३० च्या दशकापासून काही दशकं तो शस्त्रक्रियेच्या खोल्यांत सर्रास वापरला जात होता. पण ऑक्सिजनबरोबर त्याचं मिश्रण स्फोटक असतं, एक ठिणगी पुरते. १९५६ नंतर हॅलोथेन हे भुलीचं दुसरं द्रव्य आलं, ते पेट घेत नाही, आणि सायक्लोप्रोपेन मागे पडला. तीन कार्बनचं वलय मात्र आपल्या घरातच आहे. डासांच्या कॉइलमधलं अ‍ॅलेथ्रिन हे शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम फुलांतल्या कीटकनाशकाच्या धर्तीवर बनवलेलं आहे, आणि त्याच्या रेणूत हे ताणलेलं त्रिकोणी वलय असतं.

ताण, ताण म्हणतो आपण, पण तो मोजायचा कसा? जाळून. वलय जाळलं की शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच उरतं, मग वलय लहान असो की मोठं. त्यामुळे रेणूत आधीपासून कोंडलेली जादा ऊर्जा असेल तर ती उष्णतेत दिसतेच. एका कार्बनमागे, म्हणजे एक कार्बन आणि त्याचे दोन हायड्रोजन यांच्यामागे, मोकळ्या साखळीतून साधारण ६५९ किलोज्यूल प्रति मोल निघतात (मोल म्हणजे रेणूंची एक ठरलेली मोठी संख्या; पुढचे किलोज्यूलचे आकडेही मोलमागेच). सायक्लोप्रोपेनमधून ६९७. सायक्लोब्युटेनमधून ६८६. सायक्लोपेंटेनमधून ६६४. आणि सायक्लोहेक्झेनमधून पुन्हा ६५९.

हे आकडे बायर यांच्या कोनांशेजारी ठेवून बघा. तीन आणि चारच्या वलयांचं ठीक आहे, एकूण ताण अनुक्रमे ११५ आणि ११० किलोज्यूलच्या घरात. पण पंचकोनाचा कोन १०८, म्हणजे जवळपास अचूक, तरी त्यात सुमारे २६ किलोज्यूल ताण शिल्लक आहे. आणि षटकोनाचा कोन साडेदहा अंशांनी चुकलेला, तरी ताण शून्य. कोनांच्या हिशोबात काहीतरी निसटलं होतं. खरं तर दोन गोष्टी निसटल्या होत्या.

पहिली गोष्ट हायड्रोजनची. दोन शेजारी कार्बन घ्या आणि त्यांच्यामधल्या बंधाच्या रेषेत डोळा ठेवून टोकाकडून बघा. पुढच्या कार्बनचे हायड्रोजन मागच्या कार्बनच्या हायड्रोजनना बरोबर झाकत असतील तर रेणूला ते मानवत नाही. मागचे हायड्रोजन पुढच्यांच्या मधल्या फटींतून दिसले तर ऊर्जा कमी असते. १९३६ मध्ये केम्प आणि पिट्झर यांनी साध्या इथेनमध्ये (दोन कार्बन, प्रत्येकावर तीन हायड्रोजन) हा अडथळा दाखवून दिला. झाकलेल्या तीन जोड्यांची किंमत १२ किलोज्यूल, म्हणजे एका जोडीची साधारण ४. आता सपाट पंचकोन डोळ्यांसमोर आणा. पाचही बंधांवर हायड्रोजन हायड्रोजनला झाकतोय, अशा १० जोड्या, म्हणजे ४० किलोज्यूलच्या आसपास. कोन उत्तम, पण शेजार वाईट. म्हणून सायक्लोपेंटेन एक कोपरा उचलतो. चार कार्बन जवळजवळ एका पातळीत आणि पाचवा वर, उघड्या पाकिटाच्या झाकणासारखा. वर उचललेला कार्बनही कायम तोच नसतो, उचलण्याची पाळी वलयभर फिरत राहते. सायक्लोब्युटेनही असाच किंचित दुमडतो. त्याने कोन ९० वरून ८८ वर येतो, म्हणजे थोडा बिघडतोच, पण हायड्रोजन बाजूला सरकतात आणि एकूण सौदा फायद्याचा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वलय वाकू शकतं. हे ज्याला आधी दिसलं त्याला त्याच्या हयातीत कोणी विचारलं नाही, याची मला मनापासून चुटपुट लागते. हर्मान झाक्से, बर्लिनचा तरुण रसायनशास्त्रज्ञ. १८९० मध्ये त्याने दाखवलं की सहा कार्बनचं वलय सपाट न ठेवता दुमडलं तर प्रत्येक कोन १०९.५ ठेवता येतो, आणि तेही दोन तऱ्हांनी. त्याचे लेख त्रिकोणमितीने भरलेले होते, ते वाचणं कठीण होतं. समोर बायर यांचं नाव होतं. शिवाय एक सरळ आक्षेप होता: वलय असं वाकडंतिकडं असेल तर त्यावर एखादा क्लोरीन बसवल्यावर दोन वेगवेगळे पदार्थ मिळायला हवेत, पण मिळतो एकच. झाक्से १८९३ मध्ये वारला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी हिऱ्याची रचना क्ष-किरणांनी उलगडली आणि हिऱ्यात ठायी ठायी तीच दुमडलेली षटकोनी वलयं निघाली. त्यावर बोट ठेवून १९१८ मध्ये एर्न्स्ट मोर यांनी झाक्सेचा विचार पुन्हा वर काढला.

हा आकार वाचून समजत नाही, हातात घ्यावा लागतो. मॉडेलचा संच नसेल तर घट्ट मळलेल्या कणकेचे सहा गोळे आणि टूथपिकच्या काड्या पुरतात. प्रत्येक गोळ्यात चार काड्या, तीन खाली पसरलेल्या आणि एक वर, कोन शक्य तितके सारखे. मग सहा गोळे दोन-दोन काड्यांनी एकमेकांना जोडून वलय पुरं करा. ते टेबलावर सपाट बसवायचा प्रयत्न केला तर काड्या गोळ्यांतून निसटायला लागतात. हात सैल सोडला की वलय आपसूक दुमडतं: एक कार्बन वर, पुढचा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. एका कडेने पाहिलं तर पाठ, बैठक आणि पाय ठेवायची पट्टी असलेली आरामखुर्ची दिसते, म्हणून याला खुर्ची रूप म्हणतात. कुठलाही बंध धरून टोकाकडून बघा, एकही हायड्रोजन दुसऱ्याला झाकत नाही. कोनही बरोबर, शेजारही बरोबर. ताण शून्य येतो तो यामुळे.

आता गोळ्यांबाहेर उरलेल्या १२ काड्या नीट पाहा. सहा काड्या सरळ उभ्या आहेत, आळीपाळीने तीन वर आणि तीन खाली. उरलेल्या सहा बाहेरच्या बाजूला, साधारण आडव्या पसरल्या आहेत. पुस्तकात यांना अ‍ॅक्सियल आणि इक्वेटोरियल म्हणतात, आपण उभ्या आणि आडव्या म्हणू. वलयाच्या वर उचललेल्या एका टोकाला खाली दाबा आणि समोरच्या टोकाला वर ओढा. खुर्ची उलटते, पुन्हा खुर्चीच होते, पण मघाच्या सगळ्या उभ्या काड्या आता आडव्या झालेल्या असतात आणि आडव्या उभ्या. उलटताना वाटेत होडी रूप लागतं. त्यात दोन्ही टोकं वर आणि त्यांच्यावरचे दोन हायड्रोजन एकमेकांच्या अंगावर येतात, त्यामुळे रेणू तिथे रेंगाळत नाही.

ही उलटापालट व्हायला साधारण ४५ किलोज्यूलचा चढ चढावा लागतो. नेहमीच्या तापमानाला रेणूंकडे इतकी ऊर्जा येत-जात असते, म्हणून प्रत्येक रेणू सेकंदाला लाखभर वेळा उलटतो. झाक्सेवरच्या आक्षेपाचं उत्तर यातच आहे. दोन रूपं आहेतच, फक्त ती इतक्या वेगाने एकमेकांत बदलतात की वेगळी हाती लागत नाहीत. १९६० च्या दशकात क्लोरोसायक्लोहेक्झेन उणे १५० अंशांपर्यंत थंड केल्यावर आडव्या क्लोरीनचं रूप शुद्ध स्फटिकात वेगळं काढता आलं. या दोन जागांचा छडा नॉर्वेच्या ऑड हासेल यांनी इलेक्ट्रॉन विवर्तनाने लावला. देश नाझींच्या ताब्यात असताना, १९४३ मध्ये, त्यांनी तो शोधनिबंध नॉर्वेजियन भाषेत छापला, आणि त्याच वर्षी नाझींनी त्यांना अटक केली. १९५० मध्ये डेरेक बार्टन यांनी हाच विचार स्टेरॉइडच्या जोडवलयांना लावून दाखवला, आणि १९६९ चं नोबेल दोघांना मिळून गेलं.

उभी जागा आणि आडवी जागा यांत पसंती ठरलेली आहे. हायड्रोजनच्या जागी मिथिल गट (एक कार्बन आणि त्याचे तीन हायड्रोजन) बसवला आणि तो उभा राहिला, तर त्याच बाजूच्या दुसऱ्या दोन उभ्या हायड्रोजनशी त्याची दाटी होते. आडवा राहिला तर तो मोकळ्यात असतो. त्यामुळे कोणत्याही क्षणी मिथिलसायक्लोहेक्झेनचे साधारण ९५ टक्के रेणू मिथिल आडवा ठेवून असतात.

एवढ्याशा गोष्टीने प्रत्यक्षात काय फरक पडतो ते बीएचसी (बेन्झीन हेक्झाक्लोराइड) पावडरीत दिसतं. एकेकाळी शेतावर आणि घराघरांत मुंग्या-किड्यांवर मारली जाणारी ही पावडर म्हणजे सायक्लोहेक्झेनचं वलय, ज्याच्या प्रत्येक कार्बनवर एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन. बेन्झीन आणि क्लोरीन उजेडात एकत्र आले की ती बनते, फॅरडे यांनी १८२५ मध्येच ती बनवली होती. सहा क्लोरीन वलयाच्या कुठल्या अंगाला बसतात यावरून याच्या आठ मांडण्या होतात. अणू तेच, कोण कोणाला जोडलंय तेही तेच. पण कीटकांच्या मज्जातंतूंवर जोरकस काम करते ती एकच, गॅमा नावाची, जिच्यात तीन क्लोरीन उभे आणि तीन आडवे असतात. कारखान्यातून निघणाऱ्या कच्च्या मिश्रणात तिचं प्रमाण साधारण १० ते १५ टक्के. बाकी सगळं विनाकारण मातीत जाणारं.

त्या बाकीच्यांतली बीटा मांडणी सर्वांत चिवट. तिचे सहाही क्लोरीन आडवे असतात. असा रेणू मोडायची नेहमीची वाट म्हणजे शेजारच्या दोन कार्बनवरून एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन एकदम निघून जाणं, आणि त्यासाठी दोघंही उभे, एक वर आणि एक खाली, असावे लागतात. बीटाच्या स्थिर खुर्चीत उभा क्लोरीन एकही नाही. म्हणून ती सहजी मोडत नाही आणि चरबीत साठून राहते. भारतात बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. वलयाचा आकार हा परीक्षेपुरता विषय नाही, हे पटवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

मोठ्या वलयांचं थोडक्यात. बायर यांच्या हिशोबाने १५ कार्बनचं वलय असूच नये. १९२६ मध्ये लिओपोल्ड रुझिच्का यांनी दाखवलं की कस्तुरीचा वास ज्या पदार्थामुळे येतो त्या मस्कोनमध्ये १५ कार्बनचंच वलय आहे, आणि जवादी मांजराच्या गंधद्रव्यात १७ कार्बनचं. इतकी मोठी वलयं सैल असतात, वाटेल तशी दुमडतात, त्यांच्यात ताण जवळपास नसतो. गंमत म्हणजे पायरेथ्रम फुलांतलं तीन कार्बनचं वलय ओळखण्यातही दोन वर्षं आधी हेच रुझिच्का होते, श्टाउडिंगर यांच्या जोडीने.

मग बेन्झीनच तेवढा सपाट का? कारण त्याच्या प्रत्येक कार्बनला वलयातले दोन शेजारी आणि एक हायड्रोजन असे तीनच सोबती आहेत. तीन दिशा एकमेकींपासून सर्वांत लांब ठेवायच्या तर १२० अंश, आणि षटकोनाचा कोन नेमका तोच. प्रत्येक कार्बनकडे एक इलेक्ट्रॉन उरतो. असे सहा इलेक्ट्रॉन वलयाच्या वर आणि खाली पसरलेल्या एका सामाईक ढगात राहतात, आणि ढग सलग राहायचा तर वलय सपाट असावं लागतं. त्यामुळे सहाही बंध १३९ पिकोमीटरचे, ना एकेरी ना दुहेरी. यातून रेणूला लाभणारं स्थैर्यही मोजता येतं. सायक्लोहेक्झीन म्हणजे सहा कार्बनचंच वलय, पण त्यात एक दुहेरी बंध; त्या एका दुहेरी बंधात हायड्रोजन घातला की १२० किलोज्यूल बाहेर पडतात. बेन्झीनमध्ये असे तीन दुहेरी बंध असते तर ३६० पडायला हवे होते, प्रत्यक्षात २०८ च पडतात. मधले दीडशे किलोज्यूल त्या सामाईक ढगाची कमाई.

मात्र सामाईक ढग कुठल्याही वलयात जमत नाही. १९३१ मध्ये एरिक ह्युकेल यांच्या गणितातून निघालं की अशा ढगात २, ६, १० अशा संख्येने इलेक्ट्रॉन असले तरच तो स्थैर्य देतो. आठ चालत नाहीत. हे गणित यायच्या वीस वर्षं आधी, १९११ मध्ये, रिचर्ड व्हिल्श्टेटर यांनी डाळिंबाच्या झाडाच्या सालीतल्या एका द्रव्यापासून सुरुवात करून सायक्लोऑक्टाटेट्रीन बनवलं होतं: आठ कार्बन, एकाआड एक चार दुहेरी बंध, कागदावर बेन्झीनचाच थोरला भाऊ. पण तो बेन्झीनसारखा वागेना. ब्रोमीनशी लगेच संयोग पावायचा, बंध एक आखूड आणि एक लांब असे, आणि सगळं वलय टबासारखं दुमडलेलं. त्याला पोटॅशियम धातूने दोन इलेक्ट्रॉन दिले की ढगातले आठाचे दहा होतात, दुमडलेला अष्टकोन सपाट होतो आणि त्याचे आठही बंध एका लांबीचे होतात.